लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचा प्रथिनाहार

जठराचा आकार घटवल्यावर स्नायूंची झीज टाळण्यासाठी व खाल्लेले सोसावे म्हणून आखलेला आहार. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यामागोमाग हे आहारशास्त्र आकाराला आले. स्लीव्ह या दुसऱ्या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सु. तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात.

शस्त्रक्रियेनंतर प्रौढास रोज साधारणतः ६०–८० ग्रॅ. प्रथिन लागते [→ प्रथिने]. आहार आधी द्रव, मग वाटलेला, नंतर मऊ व काही आठवड्यांनी नेहमीचा असतो. ताटातले प्रथिन आधी खायचे, भात-पोळी नंतर. एका अंड्यातून सु. ६ ग्रॅ. प्रथिन मिळते, वरणावरच्या निवळीतून जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे शाकाहारी रुग्णास दाट वरण, पनीर, चक्का, सोयाबीन व बहुधा व्हे प्रथिनाची पावडर लागते. दूध बाधत असल्यास दही चालते [→ दुग्धशर्करा असह्यता].

कोरडे चिकन, ताजी पोळी किंवा चिकट भात घाईने गिळल्यास छातीत दाटते, फेसाळ लाळ सुटते व घास उलटून पडतो. जेवताना पाणी टाळून ते सु. अर्ध्या तासाने पितात. बायपासनंतर विशेषतः गोड पदार्थ आतड्यात झपाट्याने उतरून अर्ध्या तासात कळा, धडधड व घाम येतो. १–३ तासांनी रक्तशर्करा घसरू शकते [→ डंपिंग सिंड्रोम].

प्रथिनाच्या कमतरतेने अशक्तपणा, सूज व केसगळती उद्भवते. उलट्या थांबत नसल्यास थायामिन तातडीने द्यावे लागते [→ जीवनसत्त्वे].