काट्याची कुळकथा

इंग्रजी पद्धतीच्या मेजवानीत काटा कोणत्या हाती धरावा या विवंचनेत ज्यांची भूक मरून गेली असेल, अशा वाचकांना (प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक होय) टॉमस कोरिएट या गृहस्थाची ओळख करून देणे अगत्याचे वाटते. काट्याने जेवणे हे इंग्रजी सभ्यतेचे अनादि लक्षण असावे, अशी आपल्यातील पुष्कळ शिकलेल्यांची समजूत असते. वस्तुतः शेक्सपिअरच्या काळचा इंग्रज मांसाचा तुकडा बोटांनीच तोंडात घालीत असे. काट्याची रीत त्याला वर्णन करून सांगितली ती इटलीत हिंडून आलेल्या या विक्षिप्त प्रवाशाने.

कोरिएट हा सॉमरसेट परगण्यातील ऑडकूम गावच्या धर्मोपदेशकाचा मुलगा. ऑक्सफर्ड त्याने पदवी न घेताच सोडले आणि राजपुत्र हेन्रीच्या परिवारात तो जवळजवळ विदूषक म्हणून वावरू लागला. इ. स. १६०८ च्या मे महिन्यात तो डोव्हरहून निघाला आणि, बरीच वाट पायी तुडवून, ऑक्टोबरात परतला. त्यांपैकी सुमारे सहा आठवडे एकट्या व्हेनिसमध्ये गेले. १६११ साली निघालेल्या त्याच्या प्रवासवृत्ताचे ‘क्रूडिटीज’, म्हणजे ‘न पचलेले पदार्थ’, हे नावही पोटावरूनच घेतलेले आहे.

आणि खरोखरच हा मनुष्य देवळे नि शिलालेख जितक्या आस्थेने पाहतो तितक्याच आस्थेने ताटेही पाहतो. क्रेमोना येथे त्याने तळलेले बेडूक खाल्ले. उत्तमोत्तम पदार्थांवर चीज किसून पेरण्याची इटालियनांची चाल मात्र त्याला रुचली नाही, आणि तसे तो स्पष्ट म्हणतो. (आजचा प्रवासी ज्या टोमॅटोच्या रश्शात इटली शोधतो, तो त्याला दिसणे शक्यच नव्हते, टोमॅटोची कृती तेथील पाकग्रंथात छापली गेली ती त्या शतकाच्या अखेरीस.) व्हेनिसच्या रंगभूमीवर स्त्रियांनाच स्त्रियांच्या भूमिका करताना पाहून तो थक्क झाला, बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला त्याचे नवल समजेल.

परंतु त्याचे खरे निरीक्षण काट्याविषयीचे. मधोमध ठेवलेल्या मांसातून सर्वांनी आपापला तुकडा कापून घ्यावयाचा. त्या वेळी एका हातात सुरी व दुसऱ्यात काटा असे. काटे बहुधा लोखंडाचे किंवा पोलादाचे, चांदीचे फक्त बड्या घरी. त्या मांसाला कोणी बोट लावले तर साऱ्या पंगतीचा अपमान झाला असे समजत. कारण, कोरिएट सांगतो, सर्वांचीच बोटे सारखी स्वच्छ नसतात! हे कारण ऐकून आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईने मान डोलावली असती. उष्ट्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच. इटालियनाने तो लोखंडाने सोडविला. आपण प्रत्येकाला निराळे पान मांडून, वाढावयास पळी घेऊन आणि उजवा हात धुऊन. यांत एक सुधारलेला व दुसरा रानटी कसा ठरतो, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

मायदेशी कोरिएट काट्याने जेवू लागला तेव्हा लॉरेन्स व्हिटेकर या मित्राने भर पंगतीत त्याला ‘फर्सिफर’ म्हटले. या लॅटिन शब्दाचा एक अर्थ काटा बाळगणारा. दुसरा, फासावर चढविण्याजोगा बदमाश. १६१६ च्या एका नाटकात बेन जॉन्सननेही इटलीहून आलेल्या काट्यांमुळे हातरुमालांची बचत होते अशी टवाळी केली. इटलीलाही हे हसे चुकले नव्हते. अकराव्या शतकात व्हेनिसच्या डोजशी विवाह झालेली एक बायझंटाइन राजकन्या सोन्याच्या काट्याने जेवी, म्हणून पीटर डेमियन या साधूने तिला धारेवर धरले आणि तिचा भयंकर व्याधी हे त्या ऐषआरामाचेच फळ ठरविले. म्हणजे काटा मुळात व्हेनिसला गेला तो पूर्वेकडून.

कोरिएटही पुढे पूर्वेकडेच वळला. आलेप्पोहून इराणमार्गे पायी चालत १६१५ साली तो अजमेरास पोहोचला. जहांगिरापुढे त्याने फारसीत भाषण केले आणि शंभर रुपये मिळविले. आपल्या पंगतींविषयी त्याने दुसरा ग्रंथ लिहिता तर मौज होती. पण तो योग आला नाही. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस त्याला मरण आले.