आरसा आणि आजार

डोळ्यांनी पाहिले ते खरे, असे आपण मानतो. पण स्वतःच्या शरीराविषयी डोळ्यांची साक्ष नेहमीच भरवशाची असते काय? अन्न नाकारणाऱ्या एका आजाराचा इतिहास या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयावरील ग्रंथात एका तरुणीचे वर्णन केले. ती कातडीने मढवलेला सांगाडाच झाली होती. पण तिला ना खोकला, ना ठळक ताप. त्याच ग्रंथात सोळा वर्षांच्या एका मुलाचीही अशीच हकीकत आहे. पुढे १८७३ मध्ये लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी या विकाराचे स्वतंत्रपणे निदान केले. गल यांनी त्यास 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव दिले. इतकी क्षीण झालेली मुलगी अखंड हिंडते-फिरते कशी, याचे त्यांना आश्चर्य वाटले. लासेग यांनी आणखी एक गोष्ट टिपली : घरचे लोक आर्जवे करतात, मग धाक घालतात, रोगी मात्र आपल्या स्थितीवर समाधानी असतो.

या समाधानाचा उलगडा करण्याचा मोठा प्रयत्न हिल्डे ब्रुक या मनोवैद्य विदुषीने १९६२ मध्ये केला. स्वतःच्या देहाची मनातील प्रतिमाच येथे बिघडलेली असते, असे तिचे प्रतिपादन होते. १९७३ मध्ये स्लेड व रसेल यांनी ते मोजून पाहिले. अंधाऱ्या खोलीत दोन सरकते दिवे ठेवून, आपल्या अंगाची रुंदी त्यांच्यामधील अंतराने दाखवा, असे रुग्णांना सांगितले. त्यांनी ती वास्तवाहून पुष्कळ अधिक दाखवली. निर्जीव वस्तूंचा अदमास मात्र बराच अचूक निघाला. तेव्हा दोष केवळ दृष्टीचा म्हणता येईना. पुढे निरोगी माणसेही थोडीफार चुकतात असे दिसले, आणि मोजमापाविषयी वाद माजला. २०१३ मध्ये नेदरलंड्समधील संशोधकांनी चालण्याचीच परीक्षा घेतली. पुरेशा रुंद फटीतूनही रुग्ण निरोगी स्त्रियांपेक्षा लवकर खांदे तिरपे करीत. म्हणजे भ्रम केवळ बोलण्यात नव्हे, पावलांतही होता.

म्हणून घरातील मुलगी वा मुलगा खंगत असता, 'आरशात बघ' म्हणून काय साधणार? त्यांना दिसते ते आपल्याला दिसत नाही. हा हट्ट नव्हे, ढोंग तर नव्हेच. हा जिवावर बेतणारा आजार आहे. तेथे वादापेक्षा वेळेवर वैद्याकडे नेणारा हात अधिक मोलाचा.