चौदा आठवडे

२००५ चा 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पाहिलाय? त्यात डार्सीचं घर म्हणून जो डोळे दिपवणारा महाल दिसतो, तो डर्बीशायरमधला चॅट्सवर्थ. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचा. हा महाल त्यांच्या हातून जाता जाता राहिला, ती गोष्ट मला सिनेमापेक्षा भारी वाटते.

११ वा ड्यूक अँड्र्यू (१९२०-२००४) हा खरं तर धाकटा मुलगा. गादी थोरल्या बिलीची. बिलीने मे १९४४ मध्ये कॅथलीन केनेडीशी लग्न केलं (हो, जॉन केनेडींची सख्खी बहीण!) आणि सप्टेंबरात तो बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. अँड्र्यू तेव्हा इटलीच्या आघाडीवर होता. ध्यानीमनी नसताना वारस झाला.

वडील तसे सावध. मृत्युकर वाचवायला त्यांनी १९४६ मध्येच इस्टेटीची व्यवस्था लावून दिली होती. अट एकच, देणाऱ्याने त्यानंतर पाच वर्षं जगायचं. नोव्हेंबर १९५० मध्ये ईस्टबोर्नच्या घरी लाकडं फोडताना ते कोसळले. वय ५५. पाच वर्षांना फक्त १४ आठवडे कमी! आपली डेडलाइन चुकली तर फार तर मॅनेजर ओरडतो, इथे ८० टक्के कर लागला. (शेवटी जवळ असलेले डॉक्टर होते बोडकिन अ‍ॅडम्स. १९५७ मध्ये एका वृद्ध पेशंटच्या खुनाचा खटला त्यांच्यावर चालला, त्यात ते निर्दोष सुटले. असो.)

मग सुरू झाली विकाविकी. हजारो एकर जमीन गेली. होल्बाइनचं चित्र गेलं, दहाव्या शतकातलं हस्तलिखित गेलं. सगळ्यात जिव्हारी लागलं असेल ते हार्डविक हॉल. घराण्याची मूळ पुरुष म्हणावी अशी बाई, बेस ऑफ हार्डविक, तिने बांधलेला वाडा. तो कराच्या बदल्यात सरकारला दिला आणि १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेला. हिशेब मिटायला १९६७ उजाडलं. एका माणसाची ऐन उमेद त्यात गेली.

आता आपल्याला या सरंजामदारांचा पुळका यायचं कारण नाही. एवढी जमीन एका घराकडे का असावी, हा प्रश्न मलाही पडतो. (आपल्याकडेही १९५३ ते १९८५ मृत्युकर होता.) पण चॅट्सवर्थ त्याने टिकवलं ते तिकीट लावून. बायको डेबोराने १९७७ मध्ये चक्क शेतमालाचं दुकान काढलं. १९८१ मध्ये महाल ट्रस्टकडे दिला, आणि ज्या घराचे मालक होते त्यातच ड्यूकसाहेब भाडं भरून राहू लागले.

२००४ मध्ये ते गेले. त्याच वर्षी आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'अ‍ॅक्सिडेंट्स ऑफ फॉर्च्यून'.