दोन चित्रांतले एक फूल

फुलाचे चित्र काढण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. परंतु कागदावर उतरलेल्या फुलाला एक उणेपण नेहमीच चिकटून राहिले. रंग साधतो, रेषा साधते, कुशल हाताला छायाप्रकाशही साधतो; मात्र पाकळीमागची पाकळी, तिच्या मागचा देठ आणि या सर्वांच्या मधली मोकळी जागा काही केल्या कागदावर येत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांचीही हीच अडचण. त्यांच्या संग्रहातील फुले दाबून, वाळवून, कागदावर चिकटवलेली असतात. नाव शाबूत, जात शाबूत, पण फुलाचा आकार गेलेला! या सपाट झालेल्या फुलाला त्याची खोली परत मिळवून देण्याचा एक नामी प्रयत्न एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. त्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांला वाटते. कारण तो जितका फुलांचा आणि भिंगांचा आहे, तितकाच आपल्या पाहण्याचा आहे.

माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून सुमारे सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतरावर असतात. त्यामुळे जवळची वस्तू दोन्ही डोळ्यांना अगदी सारखी दिसत नाही. एखादे फूल वीतभर अंतरावर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटला, की फूल जागचे हलल्यासारखे वाटते. एका डोळ्याला दिसलेली कळी दुसऱ्याला पाकळीआड गेलेली दिसते. ही गोष्ट जुन्या जाणत्यांना ठाऊक होती. दोन डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूचा उठाव चित्रात हुबेहूब आणता येत नाही, हे लिओनार्दो दा विंची यांनी नोंदवून ठेवले होते. फ्रान्स्वा द आगिलाँ या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१३ साली अँटवर्प येथे प्रकाशशास्त्रावर सहा भागांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची चित्रे रूबेन्स या थोर चित्रकाराने रेखाटली होती. या ग्रंथातही दोन डोळ्यांच्या दृष्टीचा सविस्तर विचार आहे. परंतु एक प्रश्न कोणी पुढे नेला नव्हता: दोन डोळ्यांना दोन निराळी सपाट चित्रे दाखवली, तर मनाला खोली दिसेल काय?

हा प्रश्न लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक चार्ल्स व्हीटस्टन यांनी विचारला आणि १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे त्याचे उत्तर मांडले. दोन आरसे कोनात बसवून त्यांनी एक साधे उपकरण केले होते. डाव्या डोळ्याला एका आरशातून एक चित्र दिसे, उजव्याला दुसऱ्यातून दुसरे. ही चित्रे म्हणजे भूमितीतील घनाकृतींची नुसती रेखाटने होती. त्यांत ना छाया, ना रंग. छायेमुळे खोलीचा भास झाला असे कोणाला म्हणता येऊ नये, म्हणून व्हीटस्टन यांनी मुद्दामच ती वगळली होती. तरीही पाहणाऱ्याला कागदावरील रेषा अवकाशात उभ्या राहिलेल्या दिसल्या. खोली डाव्या चित्रात नव्हती, उजव्यातही नव्हती. पाहणाऱ्याच्या मनात त्या दोहोंचा मेळ झाला, तेव्हा ती प्रकट झाली. पुढच्याच वर्षी, १८३९ साली, छायाचित्रणाची कला जगापुढे आली आणि रेखाटनांची जागा छायाचित्रांनी घेतली.

आरशांचे उपकरण अवजड होते. स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ साली भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप पुढे आणला. इंग्लंडात त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, म्हणून १८५० साली ते तो घेऊन पॅरिसला गेले. तेथे झ्यूल द्युबॉस्क या कारागिराने तो बनवायला घेतला आणि आबे फ्रान्स्वा म्वान्यो यांनी त्याचा पुरस्कार केला. म्वान्यो हे येशूसंघातून बाहेर पडलेले, पण धर्मगुरुपद न सोडलेले, गणिताचे जाणकार आणि विज्ञानप्रसारात आयुष्य वेचलेले गृहस्थ. १८५२ साली त्यांनी स्टिरिओस्कोपवर पुस्तिका लिहिली.

म्वान्यो यांच्या खटपटीचा एक किस्सा सांगितला जातो. हे नवल त्यांनी पॅरिसच्या नामांकित शास्त्रज्ञांकडे नेले. आरागो यांनी भिंगांना डोळे लावले आणि त्यांना काहीच विशेष दिसले नाही, कारण त्यांना एका वस्तूच्या दोन दिसत. बेकरेल यांचा एक डोळा जवळजवळ निकामी होता; पूये यांच्या डोळ्यांत तिरळेपणा होता. शेवटी रेन्यो यांनी पाहिले. त्यांचे दोन्ही डोळे धड होते. त्यांना खोली दिसली आणि ते हरखून गेले. किश्श्यात तिखटमीठ किती आहे हा प्रश्न बाजूला ठेवू. त्यातले वर्म खरे आहे. त्या विद्वानांनी जे दिसले तेच प्रामाणिकपणे सांगितले. अडचण एवढीच होती, की उपकरणाची परीक्षा करताना आपल्या डोळ्यांचीही परीक्षा होत आहे, हे कोणाच्या ध्यानी सहज येत नाही.

१८५१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील महाप्रदर्शनात द्युबॉस्क यांचा स्टिरिओस्कोप व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरला आणि मग त्याची लाट उसळली. १८५४ साली लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी निघाली. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-साहित्यिकाने १८६१ च्या सुमारास हातात धरण्याजोगा स्वस्त नमुना तयार केला आणि त्याचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे सामान्यांच्या दिवाणखान्यातही जोडचित्रे पोहोचली.

या जोडचित्रांत फुलांना मानाचे स्थान लाभले, आणि तेही सकारण. त्या काळी छायाचित्राला पुष्कळ सेकंद लागत. माणसे हलत, जनावरे हलत, पण बंद खोलीतील फुलदाणी हलत नसे. इंग्लंडमध्ये टी. आर. विल्यम्स आणि रॉजर फेंटन यांनी फुलाफळांच्या मांडणीची सुरेख चित्रे घेतली. तरी एक उणीव होती. तेव्हाच्या काचांवरील रसायनाला निळा प्रकाश चटकन कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. परिणामी लाल गुलाब काळवंडलेला उमटे आणि निळे फूल पांढुरके. खोली आली, पण रंग गेला! कारागीर हाताने रंग भरीत. परंतु ते रंग फुलाचे नसत, रंगाऱ्याचे असत.

ही उणीव फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी भरून काढली. १९०७ साली त्यांची ‘ऑटोक्रोम’ काच बाजारात आली. बटाट्याच्या पिठातील सूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून काचेवर पसरलेले असत आणि त्यांतून गाळला गेलेला प्रकाश रंगीत चित्र घडवी. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात अशी काच घालून हौशी मंडळींनी आपल्या बागा टिपल्या. फूल रंग आणि खोली यांसह एकाच ठिकाणी आले, ते येथे. मात्र वारा हा नवा वैरी ठरला. कारण लख्ख उन्हातही या काचेला सेकंदभर किंवा त्याहून अधिक वेळ लागे.

पुढे १९३५ साली कोडाक्रोम फिल्म निघाली. मूळचे जर्मन, पण अमेरिकेतील पोर्टलंड येथे स्थायिक झालेले विल्यम ग्रूबर यांनी हॅरल्ड ग्रेव्हज यांच्या सहकार्याने तिचा उपयोग करून व्ह्यू-मास्टर घडवला. गोल तबकडीवर चौदा इवलाली चित्रे, म्हणजे सात जोड्या. आपल्याकडे पुष्कळांनी ते खेळणे म्हणूनच हाताळले असेल. परंतु १९४९ साली अलेक्झांडर स्मिथ यांच्या अळंब्यांवरील ग्रंथासोबत ग्रूबर यांच्या चित्रांच्या तेहतीस तबकड्या दिल्या गेल्या, म्हणजे २३१ जोडचित्रे! वाळवल्यावर अळंबीचा रंग व आकार दोन्ही नासतात. जोडचित्राने ते जसेच्या तसे राखले. पर्वतांतील रानफुलांचीही अशी चित्रे ग्रूबर यांनी घेतली. दाबलेल्या फुलाचे गेलेले धन येथे शास्त्राला परत मिळाले.

आज हा अनुभव घेण्यास महागडे उपकरण लागत नाही. अंगणातील जास्वंदीसमोर मोबाइल धरून एक चित्र घ्यावे. मग तो न फिरवता किंचित उजवीकडे सरकवून दुसरे घ्यावे. किती सरकवावे? वस्तूच्या अंतराच्या सुमारे तिसावा भाग. फूल तीस सेंटीमीटरवर असेल तर एक सेंटीमीटर पुरे. वारा पडलेला असावा. दोन्ही चित्रे लहान छापून, पहिले डावीकडे व दुसरे उजवीकडे, शेजारी शेजारी ठेवावीत. त्यांचे मध्य सहा सेंटीमीटरहून दूर नसावेत. दोहोंच्या मध्ये एक पोस्टकार्ड उभे धरून त्याची वरची कड नाकाला टेकवावी आणि कागदापलीकडे दूरवर काही पाहत आहोत अशी नजर सैल सोडावी. दोन्ही चित्रे हळूहळू एकमेकांकडे सरकतात, एकमेकांवर बसतात, आणि जास्वंदीची केसरनळी कागदातून बाहेर येऊन उभी राहते. घाई केली की ते निसटते. चित्रांची अदलाबदल झाली तर मात्र फूल आतबाहेर होते: पुढचे मागे, मागचे पुढे. व्हीटस्टन यांनी १८५२ साली असा उलटा भास घडवणारे उपकरणही वर्णिले होते.

इतके करूनही काहींना खोली दिसत नाही. त्यांना हसू नये आणि त्यांनीही खचू नये. सुसान बॅरी या अमेरिकन चेताशास्त्रज्ञ बालपणापासून तिरळ्या होत्या. तीन शस्त्रक्रियांनी डोळे सरळ दिसू लागले, पण ते जोडीने काम करीत नव्हते. बालपणाचा ठरावीक काळ लोटल्यावर ही दृष्टी येणे नाही, असे शास्त्र मानत होते. बॅरी यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी डोळ्यांचे प्रशिक्षण घेतले, आणि एके दिवशी त्यांच्या मोटारीचे चाक पुढच्या फळीपासून सुटून अधांतरी उभे असल्याचे त्यांना दिसले. २००९ साली त्यांनी हा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. वर्षानुवर्षे दोन्ही चित्रे त्यांच्यापर्यंत पोहोचतच होती. मेळ तेवढा राहिला होता.

वाचकहो, एकाच फुलाविषयी आपले दोन डोळे जन्मभर दोन निराळ्या साक्षी देत असतात. त्यांतली एक खरी आणि दुसरी खोटी ठरवून आपण एक डोळा मिटला, तर चित्र स्पष्ट राहते, भांडण मिटते आणि फूल सपाट होते. दोन्ही साक्षी निमूटपणे ऐकून घेण्याइतका धीर ज्याला आहे, त्याच्यासाठी पाकळीमागची पाकळी अजून उमललेली आहे.