दाग, चेहरा आणि रात्री दोनचे क्लिक

गेल्या शनिवारी घरी, म्हणजे संभाजीनगरला गेलो होतो. (तोंडात अजून औरंगाबादच येतं, चालवून घ्या.) एका मित्राचं हिमरू शालींचं दुकान आहे. ऑनलाइन विक्रीसाठी त्याने नेटिव्ह जाहिराती दिल्या होत्या. बातमीच्या खाली "हेही वाचा" म्हणून बातमीच्याच वेषात उभ्या असतात ना, त्या. लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बघ रे, क्लिक धो धो येतायत आणि शाल एक विकली नाही. पैसे मात्र दर क्लिकला कापतायत."

लॉग उघडला. बरेचसे क्लिक रात्री दोन ते चारमधले, आयपी अॅड्रेस डेटा सेंटरचे, आणि पान उघडून कोणी जरासुद्धा खाली स्क्रोल केलेलं नाही. बॉट, दुसरं काय!

रविवारी दोघं दौलताबादला गेलो, आणि हा घोटाळा किती जुना आहे ते तिथे आठवलं. १२९६ मध्ये हीच देवगिरी लुटून गेलेल्या अलाउद्दीन खिलजीने सुलतान झाल्यावर फौजेतल्या घोड्यांना डाग द्यायला लावले. कारण साधं होतं. सरदाराला पैसे मिळणार घोडे मोजून, मग तोच घोडा दोनदा दाखवायचा, नाहीतर मोजणीपुरता कोणाचातरी मागून आणायचा. घोड्यावर 'दाग' आणि स्वाराचं वर्णन लिहिलेला 'चेहरा', ही झाली त्या काळची फ्रॉड डिटेक्शन सिस्टीम.

अकबराने १५७० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. तिचं काय झालं ते बदायुनीने चिडून लिहून ठेवलंय. सरदार मोजणीला नोकरांना शिपायाचे कपडे घालून आणत. पुढे तर विणकर, सुतार, भाजीवाले उसन्या घोड्यांवर येऊन डाग घेऊन जाऊ लागले. म्हणजे डाग अस्सल, घोडाही अस्सल, फक्त लढणारा कोणी नाही!

शहाजहानने मग जे केलं ते मला सगळ्यात ओळखीचं वाटतं. त्याने नियमच केला: जहागीर असलेल्या सुभ्यातच नेमणूक असेल तर मनसबीच्या एक तृतीयांश स्वार आणा, हिंदुस्थानात इतरत्र असेल तर एक चतुर्थांश, बल्ख-बदख्शानला एक पंचमांश. तूट अधिकृत झाली. आजच्या रिपोर्टमध्ये "इनव्हॅलिड ट्रॅफिक" असा कॉलम असतो आणि सगळे त्यावर मान डोलावतात, तसंच. औरंगजेब इथे सुभेदार होता तेव्हा, १६५२ ते १६५८, हाच हिशेब चालू होता.

शिवाजी महाराजांची व्यवस्था वेगळी. शिलेदार स्वतःचा घोडा आणणार, पण बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. सभासद सांगतो की पागा भक्कम ठेवली होती आणि शिलेदार तिच्या हुकमाखाली. आपल्याच पागेतला घोडा आपल्याला दोनदा कोण विकणार?

आपल्या काळातलं उदाहरण द्यायचं तर २०१६ मध्ये उघड झालेलं 'मेथबॉट'. भाड्याचे सर्व्हर, घरगुती वाटावेत असे आयपी, माऊस हलवण्याचीसुद्धा नक्कल. त्यातल्या म्होरक्याला २०२१ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांची शिक्षा झाली. अधिकृत विक्रेत्यांची यादी साइटवरच ठेवायची 'अॅड्स डॉट टीएक्सटी' ही फाइल २०१७ ची. तो आपला दाग. पण साइट खरी निघाली म्हणून क्लिक करणारा माणूस असेलच असं नाही, बदायुनीला विचारा.

असो. संध्याकाळी आम्ही सर्वाधिक फुसके क्लिक पाठवणाऱ्या साइट्स कॅम्पेनमधून काढल्या, डेटा सेंटरचे आयपी अडवले, आणि मोबाइलवर ओटीपी घेऊन चौकशी करणारा तेवढाच खरा गिऱ्हाईक धरायचं ठरवलं. तारीख-वेळेसकट लॉग जोडून नेटवर्ककडे पैसे परत मागितले. आधी उत्तर आलं की खोटे क्लिक आम्ही आधीच वजा केलेत. चार मेल गेल्यावर थोडी रक्कम परत मिळाली, पण क्रेडिट म्हणून, पुढच्या जाहिरातींसाठी!

मित्राने जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर वहीतून काढून व्हॉट्सॅपवर चढवायला घेतलेत. क्रेडिट तसंच पडून आहे.