विहिरीचे पाणी, पटकी आणि जिवाणूंचे विषाणू

कॉलऱ्याला आपल्या आजीच्या पिढीत पटकी म्हणत. गावात ती आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढला जाई आणि गावची विहीर संशयाच्या भोवऱ्यात सापडे. संशय चुकीचा नव्हता. फक्त त्या विहिरीत पटकीचा जंतू जसा असतो, तसा त्या जंतूला खाणाराही असतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. आजचा विषय तो खाणारा आहे.

सुरुवात आग्र्याहून करावी लागते. तिथे अर्नेस्ट हँकिन नावाचा सरकारी रसायन परीक्षक होता. 1896 मध्ये त्याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले की गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात. त्याच सुमारास मार्क ट्वेन हिंदुस्थानात फिरत होता. त्याने 1897 च्या प्रवासवर्णनात हा प्रयोग रंगवून सांगितला आणि एक गोष्ट आवर्जून नोंदवली : विहिरीच्या शुद्ध पाण्यात मात्र हेच जंतू मजेत वाढतात. नदी तारते आणि विहीर मारते, असा तो निष्कर्ष होता.

यावरून आपल्याकडे 'पूर्वजांना सगळे ठाऊक होते' अशी भाषणे होतात. मला ती पटत नाहीत. हँकिनला स्वतःला तो गुण उडून जाणाऱ्या एखाद्या पदार्थाचा वाटला. बंद नळीत तापवलेल्या पाण्यात तो गुण टिकतो, असेही त्याने नोंदवले. जिवाणू मारणारे विषाणू असे उकळणे सोसत नाहीत. तेव्हा हँकिनने फेज पाहिले, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, जरी पुस्तकांत तसे सर्रास छापले जाते. पुढे हाच हँकिन विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करण्याचा आग्रह धरत राहिला. ती 'लाल दवा' नंतर गावोगाव पोचली.

जिवाणू मारणारा विषाणू रीतसर सापडला तो 1915 मध्ये इंग्लंडच्या ट्वॉर्टला, आणि 1917 मध्ये पॅरिसमध्ये फेलिक्स द'एरेल याला. बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणूभक्षक, हे नाव द'एरेलचे. हा गृहस्थ 1926 मध्ये आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, प्लेगवर फेजचा उपयोग होतो का हे पाहायला आला. 1927 मध्ये तो पटकीकडे वळला आणि पंजाबातल्या गावांत त्याने एक साधी गोष्ट केली : फेजची थोडी थोडी मात्रा विहिरींत ओतली. साथ चटकन ओसरली, असे त्याने सांगितले. मग सरकारने चौकशीच उभी केली, ती 1936 पर्यंत चालली. पाटण्याला अशेशॉव्ह, शिलाँगला मॉरिसन. आसामात नौगाव भागात फेज वाटले आणि हबीगंज तुलनेसाठी तसेच ठेवले. नौगावात मृत्यू कमी दिसले. पण पटकी तशीही वर्षावर्षाला चढते-उतरते, त्यामुळे श्रेय कोणाचे, हे ठरेना. चौकशी थांबली आणि फेज विस्मरणात गेले.

विहिरीत ओतलेले फेज का टिकत नाहीत, हा प्रश्न मला त्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. फेजला स्वतःचा चयापचय नाही. यजमान जिवाणू भेटला तरच ते वाढते, नाहीतर हळूहळू निकामी होते. भूजलात जिवाणू विरळ, अन्न थोडे, वाढ मंद. तिथे फेज बहुधा वेगळा मार्ग धरते : यजमानाला फोडण्याऐवजी त्याच्या गुणसूत्रात शिरून गप्प राहते आणि त्याच्याबरोबर वाढते. आपल्याकडे पोटभाडेकरू ठेवतात, तसेच काहीसे. स्वीडनमध्ये आस्पो येथील कठीण खडकातल्या भूजलात, काहीशे मीटर खोलीवरही, एका मिलिलिटरला लाखाच्या आकड्यात विषाणूंचे कण मोजले गेले आहेत. आपल्या कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. तिथल्या ग्रॅनाइटमध्येही जिवाणू आढळले. जिथे जिवाणू, तिथे त्यांचा भाडेकरू असणारच, असे मी धरून चालतो.

फेज जिवाणूपेक्षा फार लहान असल्याने मातीतून दूरवर जाते. म्हणूनच अमेरिकेच्या 2006 च्या भूजल नियमात विष्ठेच्या प्रदूषणाची खूण म्हणून ई. कोलाय आणि एंटरोकॉकस यांच्यासोबत कोलीफेजचेही नाव आहे. खानदेशातून इकडे आलेल्या आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे बेसॉल्टवर आहेत. तिथे पाणी भेगांतून धावते, ते गाळायला जाड मातीचा थर नसतो. मग शेजारच्या शोषखड्ड्याचा माल विहिरीत यायला वेळ लागत नाही.

आता माझ्या घरच्या रिवाजाकडे येतो. आम्ही जैन पाणी दुहेरी कापडातून गाळतो आणि कापडावर राहिलेले जीव, म्हणजे जीवाणी, त्याच विहिरीत परत सोडतो. 2003 मध्ये रीटा कॉलवेल यांच्या गटाने बांगलादेशात दाखवले की जुनी साडी चार-आठ पदरी घडी करून पाणी गाळले, तर पटकी सुमारे 48 टक्क्यांनी घटते. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जीवांना चिकटून बसतात आणि ते कापडात अडकतात. गाळण्याचे पुण्य रोगशास्त्रानेही मान्य केले, असे म्हणायला हरकत नाही. पण जीवाणी परत विहिरीत सोडली की ते कवचधारी, अंगावरच्या जंतूंसह, त्याच विहिरीत परततात. अहिंसेच्या दृष्टीने ते योग्यच. साथीच्या दिवसांत मात्र आमच्या घरांनी पाणी उकळूनच प्यावे, असे मी रुग्णांना सांगत आलो.

होमिओपॅथीच्या बाजूने एक नोंद. 1831 मध्ये हानेमानने लिहिले होते की पटकीचा संसर्ग अतिसूक्ष्म सजीवांचा आहे. कॉखने कोलकात्यात जंतू पक्का ओळखण्याच्या 53 वर्षे आधी. हा इतिहास म्हणून सांगतो, औषधाचा पुरावा म्हणून नाही.

शेवटी, 1996 चा शोध. वॉल्डोर आणि मेकॅलानॉस यांनी दाखवले की पटकीचे विष, ज्याने माणूस काही तासांत कोरडा पडतो, ते बनवण्याची सूचना जंतूची स्वतःची नाही. ती एका फेजने त्याच्या गुणसूत्रात आणून ठेवलेली असते. म्हणजे द'एरेल ज्या वर्गाच्या प्राण्याला विहिरीत ओतत होता, त्याच वर्गाच्या दुसऱ्या एकाने पटकीला पटकी बनवले. उलट 2005 मध्ये ढाक्याच्या पाण्यातली निरीक्षणे सांगतात की फोडणारे फेज पाण्यात वाढले की साथ उतरते, आणि ते कमी असतात तेव्हा साथ चढते. त्याच पाण्यात दोघेही राहतात. चालू साथीत कोणाचे पारडे जड आहे, हे गावच्या विहिरीतला एक पेला पाणी तपासून सांगणारी सोय आपल्या तालुक्यांत अजून नाही.