'सेलियंट' : एका शब्दाची झेप

इंग्रजीतील 'सेलियंट' हा शब्द आपल्याकडे बहुधा प्रश्नपत्रिकेत भेटतो. 'सेलियंट फीचर्स' म्हणजे 'ठळक वैशिष्ट्ये', एवढे सांगून आपण पुढे जातो. या शब्दाचा पूर्वेतिहास मात्र पाहण्यासारखा आहे.

लॅटिनमध्ये 'सालीरे' म्हणजे उडी मारणे. युरोपीय कुलचिन्हांवर मागच्या पायांवर रेलून झेप घेणाऱ्या सिंहाला 'सेलियंट' म्हणतात. कोंबडीच्या अंड्यात गर्भाचे हृदय प्रथम उसळत्या रक्तबिंदूसारखे दिसते, असे ॲरिस्टॉटलने नोंदविले. त्या वर्णनावरून 'उसळता बिंदू' हा लॅटिन प्रयोग रूढ झाला आणि पुढे इंग्रजीत त्याला 'कळीचा मुद्दा' असा अर्थ आला. दुर्गशास्त्रज्ञांनी तटबंदीच्या बाहेर आलेल्या कोनाला हेच नाव दिले. उडी थांबली, टोक उरले. 'ठळक' हा अर्थ 19व्या शतकात स्थिरावला.

त्याच शतकात लष्करी परिभाषेत शत्रूच्या बाजूस पुढे आलेल्या आघाडीच्या भागालाही 'सेलियंट' म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र शहराभोवती 1914 साली असा भाग तयार झाला. तीन बाजूंना जर्मन फौज, त्यातही भोवतालची उंच जमीन बरीचशी तिच्याच ताब्यात. त्यामुळे आतील सैनिकांवर तिन्हीकडून तोफा डागता येत. 22 एप्रिल 1915 रोजी येथेच जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. त्यानंतर चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक येथे हल्ल्यात उतरले. जमादार मीर दस्त यांना त्या दिवशीच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 54,000हून अधिक सैनिकांची नावे 1927 साली उघडलेल्या मेनिन गेटवर कोरली आहेत. त्यांत भारतीय नावेही आहेत.

या अर्थाला 'ठळक' हा प्रतिशब्द पुरत नाही. डोंगराच्या बाहेर आलेल्या भागाला आपण 'सोंड' म्हणतो. राजगडाच्या सुवेळा आणि संजीवनी माच्या अशाच सोंडांवर बांधल्या आहेत. 'आघाडीची सोंड' असे म्हटले, तर पुढे आलेपण आणि त्यातला धोका दोन्ही मराठी वाचकाला उमगतील, असे आम्हांस वाटते. पुढे आलेले टोक प्रथम नजरेत भरते, आणि मारा प्रथम त्यावरच होतो. ईप्रच्या सैनिकांना या शब्दाचा हाच अर्थ ठाऊक होता. विद्यार्थ्यांना 'ठळक वैशिष्ट्ये' लिहावयास सांगताना तोही सांगावा.